चिखलातला सप्टेंबर

डिसेंबर उजाडला की आमच्या गावच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: परदेशी पाहुण्यांचे सोलापुरात आगमन. सोबत रोहित (फ्लेमिंगो) नाहीतर पट्टकादंब या पक्ष्यांचा मोठा रंगीत फोटो, आणि पुढच्या रविवारी हिप्परगा तलावावर गाड्यांची रांग. बातमी खोटी नसते, शिळी असते. पाहुणे ऑगस्टातच आलेले असतात. फक्त ते गुलाबी नसतात, कमरेएवढे उंच नसतात, आणि जिथे उतरतात तिथे कुणी फोटो काढायला जात नाही. नाल्याच्या कडेला, म्हशी उठून गेल्यावर राहिलेल्या डबक्यात, प्लॉटिंगसाठी सपाट केलेल्या माळावर साचलेल्या पाण्यात ते आपले चरत असतात.

मला हाच हंगाम आवडतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून कोजागिरीपर्यंतचा. त्यात आवडण्यासारखं तसं फार काही नाही. उकाडा असतो, चिलटं असतात, मांडवांसाठी खणलेले खड्डे असतात. पाऊसही आमच्याकडे वेगळ्या चालीचा. कोकणात जून-जुलैत धो धो कोसळतो तेव्हा सोलापुरावर ढग येतात, बघतात आणि निघून जातात. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरचा आमचा हिशेब, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या सप्टेंबरचा. उत्तरा-हस्त बरसले तर रब्बीची ज्वारी पेरायची, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचं. म्हणजे उत्तरेकडचे पक्षी निघून येतात तेव्हा आमच्याकडे पाणी नुकतंच कुठे साचायला लागलेलं असतं. ही वेळ कुणी ठरवून जुळवलेली नाही, पण बऱ्याच वर्षी जुळते.

पहिली खबर मला बहुधा रात्री लागते, आणि ती कानाला लागते. आमचं घर पूर्व भागात. इथे यंत्रमागांची खडखड रात्रपाळीलाही चालू असते. नव्या माणसाला त्यात झोप लागत नाही आणि आम्हाला ती थांबली की जाग येते. ऑगस्ट सरताना एखाद्या रात्री लाइट जाते, माग थांबतात, माणसं गच्चीवर येतात. त्या अवचित शांततेत डोक्यावरून कुठूनतरी बारीक, घाईची शीळ येते. ट्वी-वी-वी-वी. तीन-चार सूर, खाली उतरत जाणारे. मग काही नाही. मग जरा वेळाने होटगीच्या अंगाला तेच. ही तुतवार, चिखलाकाठी चरणारा एक लहान पक्षी. दिसत काहीच नाही, आणि शेजारच्या गच्चीवर लाइट कधी येणार याचीच चर्चा चालू असते.

रात्री उडण्याचं कारण साधं आहे. रात्रीची हवा थंड आणि संथ असते, त्यामुळे अंग तापत नाही आणि पाणी कमी लागतं. ससाणे झोपलेले असतात. शिवाय दिवस पोट भरायला मोकळा राहतो. वाट कशी सापडते, याचं एकच एक उत्तर नाही. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ही तिन्ही साधनं पक्षी वापरतात, एक अडलं की दुसरं. स्थलांतर करणारा लहान पक्षी पिंजऱ्यात ठेवला तरी त्या दिवसांत रात्री बेचैन होतो आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूला उड्या मारत राहतो. हे प्रयोग युरोपात फार पूर्वी झाले, पण मला त्यातला शास्त्राचा भाग नंतर आठवतो; आधी तो पक्षीच डोळ्यांपुढे येतो.

सकाळी संभाजी तलावावर गेलं की रात्रीचा आवाज दिवसा अंगानिशी भेटतो. जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. काठावर जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि विसर्जनाला दोन दिवस झाले असतील तर निर्माल्याचे कुजके ढीग. तुतवारीला ते ढीगच हवे असतात, कारण त्यावर माशा असतात. मी एकदा एका ढिगापासून आठ-दहा पावलांवर, वडाच्या बुंध्याशी बसून तिला बराच वेळ बघत होते. मुठीएवढं अंग, पाठ मातकट, पोट स्वच्छ पांढरं. ते पांढरं खांद्यापाशी पंखाच्या पुढून वर चढलेलं असतं. दुरून ओळखायची हीच खूण. शेपटीकडचं अंग सारखं वर-खाली, मागाच्या धोट्यासारखं, थांबणं ठाऊक नसलेलं. पण माशी दिसली की एक गंमत होते. डोकं जागच्या जागी खिळतं, मान पुढे सरकते, पाय एकेक करून अगदी हळू पडतात, आणि मागचं अंग मात्र तसंच हलत राहतं. मग चोच एकदम बाजूने जाते आणि माशी गायब. चिखलात ती चोच फारशी खुपसत नाही, वरचंच टिपते. कुणी जवळ आलं की पाण्याला लागून उडते, पंख ताठ, जरा थरथर, जरा तरंगणं, पुन्हा थरथर. आणि शे-दोनशे फुटांवर दुसऱ्या घाणीवर उतरते.

तिच्या दोन बहिणी मला जास्त जवळच्या. ठिपकेवाली तुतवार चार-सहांच्या घोळक्याने उथळ पाण्यात असते, भुवई पांढरी, पाय पिवळसर, पाठीवर बारीक ठिपके. आणि हिरवी तुतवार, जी हिरवी वगैरे काही नसते, काळपटच असते, ती एकटी. नाल्याच्या वळणावर, पुलाखाली, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. उडाली की काळ्या अंगामागे पांढरीशुभ्र कंबर तेवढी चमकते. तिची एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. चिखलात जन्म काढणारा हा पक्षी अंडी झाडावर घालतो. उत्तरेकडच्या दलदलीच्या जंगलांत कस्तुरांनी वापरून सोडलेली जुनी घरटी शोधतो आणि त्यात संसार थाटतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की वरून खाली उड्या टाकतात. आमच्या नाल्यात उभी असलेली ती काळपट बाई कधीतरी अशी झाडावरून पडलेली आहे, हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय झालं, शेवटी गटारातच आली की."

इतक्या लवकर का येतात, हा प्रश्न बरेच जण विचारतात. थंडी तर लांब आहे. पण त्यांच्याकडचा उन्हाळाच तोकडा असतो. मे-जूनमध्ये अंडी, जूनअखेर-जुलैत पिल्लं, आणि तुतवारीच्या कुळातली पिल्लं बाहेर पडल्यापासून स्वतःच चरतात, त्यांना भरवावं लागत नाही. मग आईने थांबायचं कशाला? पुष्कळ जातींत मादी आधी निघते, नर पिल्लांवर नजर ठेवून थोडा मागे राहतो, मग तोही निघतो. पिल्लं सगळ्यांच्या शेवटी, आपापली. ऑगस्टात आमच्याकडे येणाऱ्यांची पिसं झिजलेली, कडा फाटलेल्या; त्या मोठ्या. सप्टेंबरच्या मध्यावर नव्या कोऱ्या पिसांच्या, कडेला फिकट रेघ आखल्यासारख्या ठिपकेवाली दिसू लागतात. ती त्याच वर्षीची पोरं. अडीच-तीन महिन्यांचं वय, आणि वाट कुणी दाखवलेली नाही.

त्याच दिवसांत उलट्या बाजूचीही वर्दळ चालू असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चातक आला की कविता होतात, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. जातो तेव्हा कुणी विचारत नाही. जूनमध्ये आफ्रिकेतून आलेला चातक सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळा होतो. सप्टेंबरात नान्नजच्या वाटेवर, बाभळीच्या बुडाशी, सातभाईंचं टोळकं कलकलाट करत असतं आणि त्यांच्या मध्ये काळपट-पांढुरक्या अंगाचं, डोक्यावर आखूड तुरा असलेलं एक पोर तोंड उघडून बसलेलं असतं. मी पाहिलेलं पोर अंगाने जवळजवळ सातभाईंएवढंच होतं. एक जण नाकतोडा घेऊन आला, त्याने तो घेतला, लगेच दुसऱ्याकडे वळून पुन्हा ओरडायला सुरुवात. सगळं टोळकं त्याच्या दिमतीला. थोड्या आठवड्यांत हे पोर निघणार, अरबी समुद्रापलीकडे. आईबापांची भेट नाही, वाढवणारे सातभाई तर जन्मभर त्याच दोन-चार शेतांच्या पलीकडे न गेलेले. भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० साली चातकांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रं बसवली. त्यामुळे या प्रवासातला निदान थोडा भाग आता नकाशावर दिसतो. पोराला तो नकाशा उपजतच कसा ठाऊक असतो, हे यंत्र सांगत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र सोलापूरकराला वेगळा मांडावा लागतो. आपल्याला वाटतं तलाव भरला म्हणजे पक्ष्यांची चंगळ. बदकांची असेल. तुतवारी, टिलवे, चिखल्या अशा काठावरच्या पक्ष्यांना पाणी नको असतं, पाण्याची कड हवी असते. बोटभर पाणी आणि खाली मऊ गाळ. एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, तो ब्रिटिशांनी आदिला नदी अडवून १८७१ च्या सुमारास पुरा केला. तो भरला की पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांना लागतं आणि चिखल शिल्लकच राहत नाही. मग हे पक्षी शेतांत, खड्ड्यांत पांगतात आणि सापडेनासे होतात. तलाव अर्धा राहिला की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि एका जागी बसून सगळे दिसतात. २०२३ चा पावसाळा असाच फसला होता. उजनी धरण भरलं नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. गावात पाच-पाच, सहा-सहा दिवसांनी नळाला पाणी, टँकरसाठी भांडणं. आणि त्याच वर्षी काठावर पक्षी बघायला मिळाले ते एरवी मिळत नाहीत. घरात पाण्याचे ड्रम मोजणारी मी आणि तलावावर गाळ बघून खूश होणारी मी, या दोघींचं त्या वर्षी जमत नव्हतं.

मग २०२५ चा सप्टेंबर आला आणि सगळंच उलटं झालं. सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर, सगळीकडे गावं पाण्यात. पुण्याचा महामार्गही बंद पडला. उडीद गेला, सोयाबीन जागच्या जागी कुजलं, आणि पाणी ओसरलं तेव्हा काही शेतांतली मातीच राहिली नव्हती. ऑफिसातून धान्याची पाकिटं वाटायला आम्ही मोहोळकडच्या एका गावी गेलो होतो. रस्त्याच्या कडेला ज्या शेतात सोयाबीन असायला हवं होतं तिथे पाणी होतं, आणि त्या पाण्यात शेकाटे. लांब गुलाबी पायांवर, अंगावर एक शिंतोडा न उडू देता चालणारे. त्यांच्या मागे ठिपकेवालींचा थवा, बांधावर पिवळे धोबी पक्षी. इतके पक्षी एका वावरात मी पूर्वी पाहिले नव्हते. शेतकरी शेजारीच उभे होते. त्यांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं आणि म्हणाले, "ह्यांना बरं झालं बघा ताई." त्यात कडवटपणा होता की नुसतीच नोंद, मला सांगता येत नाही. दुर्बीण पिशवीतच राहिली. रात्री यादीत नोंद केली, पण ठिकाणाच्या जागी गावाचं नाव घातलं नाही. सीनाकाठ एवढंच लिहिलं.

धोब्यांचं येणं त्यामानाने घरगुती. त्यांचा आणि पितृपक्षाचा काहीतरी करार असावा. आमच्याकडे वडिलांचं पान गच्चीवर ठेवतात. कावळा शिवेपर्यंत खाली कुणी जेवायचं नाही. वर्षभर ज्या कावळ्याला हाडहाड केलं त्याला त्या दिवशी "ये बाबा, ये" चाललेलं असतं, आणि तोही नेमका त्याच दिवशी भाव खातो. सगळ्या गल्लीत पानं मांडलेली, तो कुठे कुठे जाणार. एका वर्षी अशीच वाट बघत उभे होतो. टाकीच्या गळतीने गच्चीवर ओल झालेली होती, आणि त्या ओलीवर एक करडा धोबी येऊन उतरला. राखी पाठ, बुडाला लिंबासारखा पिवळा रंग, अंगापेक्षा शेपटीच मोठी. टुकटुक चालत तो पानापर्यंत आला, वड्यावर बसलेली माशी टिपली, शेपटी दोनदा आपटली आणि भिंतीवर गेला. धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, हा हिमालयातनं आलाय, ह्याचं धरा की." आई गंभीरपणे विचारात पडली. मग म्हणाली, "त्यांना तसेही प्रवासातलेच लोक आवडायचे. पण थांबू या अजून थोडं." वडील रेल्वेत होते. कावळा पुढे अर्ध्या तासाने आला.

भोरड्यांचं मात्र असं गोड काही नाही. गुलाबी मैना, पळसमैना ही पुस्तकी नावं. शेतात ती भोरडीच, आणि तीही शिवीसारखी उच्चारलेली. ऑगस्ट-सप्टेंबरात पहिले थवे येतात तेव्हा बाजरी दाण्यात असते. मोठ्यांचा गुलाबी रंग मळलेला, पिल्लं तर नुसती मातकट. मारडीकडच्या एका रानात बाजरीच्या कणसांवरून जुन्या कॅसेटची टेप ताणून बांधलेली असते. वाऱ्यावर ती फरफरते, उन्हात चकाकते, आणि दोन दिवस भोरड्या बिचकतात. तिसऱ्या दिवशी टेपवरच बसतात. मग गोफण, डबे, पोरांचा आरडाओरडा. जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की हाच खेळ मोठ्या प्रमाणावर.

आणि हाच पक्षी चीनच्या शिंच्यांग प्रांतात सरकारी पाहुणा आहे. तिथे टोळधाडीने कुरणं उजाड व्हायची. ह्या मैना टोळांवर तुटून पडतात हे लक्षात आल्यावर त्यांनी घरटी करावीत म्हणून दगडांचे ढीग मुद्दाम रचून दिले. विणीच्या काळात कीटक, प्रवासानंतर दाणे, फाल्गुनात पळस-पांगाऱ्याचा मध. ऋतू बदलला की ताट बदलतं. मी हे मारडीच्या त्या शेतकरी दादांना सांगितलं. टेप बांधता बांधता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तिकडंच ऱ्हावा म्हणावं की. हितं कशापायी येतीया?" खरं तर इथेही ती नाकतोडे, अळ्या पुष्कळ खाते, पण कणसावर बसलेली भोरडी दिसते आणि तणातली दिसत नाही. हिशेब केला तर ऑगस्ट ते एप्रिल ती आपल्याकडे, आणि तिकडे जेमतेम तीन महिने. शिधापत्रिकेचा निकष लावला तर ती सोलापूरचीच.

सरकारचा पक्षिसप्ताह नोव्हेंबरात असतो, ५ ते १२ तारखेला. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालीम अलींचा. चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. जन्मले इथे, आयुष्य रानांत काढलं, आणि २०२५ च्या जूनमध्ये गेले तेही सोलापुरातच. त्यांच्या नावाने सप्ताह होतो याचा अभिमान आहेच. पण शाळेतल्या पोरांना तलावावर न्यायचं तर मी सप्टेंबरात नेईन. नोव्हेंबरात सगळं स्थिरस्थावर झालेलं असतं. बदकं आली, बसली, झोपली. सप्टेंबरात काल नव्हता तो आज असतो आणि परवा नसतो. वाटसरू म्हणावेत असे पक्षी याच दिवसांत दिसतात. ज्यांना इथे राहायचंच नाही, जे पुढे आफ्रिकेला जायचे ते दोन-चार दिवस दम खायला उतरतात. तारेवर आपला नेहमीचा नीळकंठ बसलेला असतो, ज्याचं दर्शन दसऱ्याला शुभ मानतात; त्याच्याच पलीकडे एखाद्या वर्षी जरा वेगळा, छाती सबंध फिकट निळी, तपकिरी पट्टा नसलेला असा कुणी दिसतो. हा युरोपीय नीळकंठ, नुसता वाटेतला. पुढच्या रविवारी तार रिकामी.

हिप्परग्याच्या कडेने तुळजापूरचा रस्ता जातो. कोजागिरीला त्या रस्त्यावर रात्रभर माणसंच माणसं असतात. सोलापूरहून, विजापूर-कलबुर्गीकडून, कुठून कुठून पायी निघालेली. आई राजा उदो उदो, पायात चपला नाहीत, वाटेत मंडळं चहा आणि केळी वाटतायत. पंचेचाळीस किलोमीटर. एका वर्षी मीही चालले होते. तलावाच्या अंगाला रस्ता जरा मोकळा होतो आणि लाउडस्पीकर मागे पडतात, तिथे पाण्यावरून बदकांचे आवाज येत होते. भुवई बदकं असावीत; ती या मंडळींत सगळ्यांत आधी येतात. माझ्या पुढे एक आजी चालत होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मी थबकलेली पाहून म्हणाल्या, "पाय दुखले व्हय? बसू नकोस, बसलं की संपलं." मी म्हटलं, बदकं ऐकतेय. त्या म्हणाल्या, "ती बी चाललीत का देवीला?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या.

आता नान्नजबद्दल. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचा हा गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाला. सुरुवातीचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे कमी करत सुमारे १,२२२ वर आला. मधल्या काळात जमिनींचे व्यवहार अडकले, गावोगावी चीड साठली, आणि एवढं करून माळढोक आज एखाददुसराच दिसला तर दिसतो. त्याच्या नावाने हळहळायला लोक येतात आणि हळहळून परत जातात. सप्टेंबरच्या शेवटी त्या माळावर जे घडतं ते बघायला फारसं कुणी थांबत नाही.

भोवत्ये येतात, शिकारी पक्षी. पश्चिम आणि मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून, कझाकस्तानकडून आपल्या माळांवर. पवन्या-कुसळीचं गवत तेव्हा गुडघ्याच्या वर, शेंड्याला तांबूस. त्यावरून हातभर उंचीने, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून, एक पक्षी डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, आणि एकदम पाय खाली सोडून गवतात पडतो. नाकतोडा. घारीहून थोडा लहान शिकारी आणि जेवण नाकतोड्यांचं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. उंदीर, पाली, लहान पक्षीही चालतात. पण माळावर नाकतोडे आहेत तोवर भोवत्यांची चिंता नाही. लहानांची पिसं दालचिनीच्या रंगाची. गळ्याभोवती फिकट पट्टी ठळक असेल तर तो पांढुरका भोवत्या, नसेल तर बहुधा माँटेग्यूचा. यावर भाऊ आणि मी दरवर्षी भांडतो. संध्याकाळी ते झाडावर जात नाहीत. गवतातच, जमिनीवर, एकमेकांच्या जवळपास उतरून मुक्काम करतात. सूर्य टेकला की एकेक करून येतात, घिरट्या घालतात, आत पडतात, शेजारी कुणी आहे असं दिसलं की पुन्हा उठतात.

याच वेळेला हल्ली जीपगाड्या गवतात शिरतात. मोठ्या लेन्स, वर टपावर बसलेला एक जण, आणि "उडव, उडव, फ्लाइट शॉट पाहिजे" असा खालून आवाज. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यातून उठवून मिळालेला तो फोटो मग लाइक घेतो. मला या लोकांचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. माळढोकाच्या वेळी झालेलं भांडण निदान पोटापाण्याचं होतं.

तुम्हाला जायचंच असेल तर गाडी डांबरी रस्त्यावर सोडा आणि वनखात्याच्या चौकीत विचारून पुढे व्हा. दुपारी साडेचारनंतर, सूर्य पाठीशी घेऊन, माळाच्या पूर्वेकडे तोंड करून बसा, फिरू नका. भडक कपडे नकोत. हिप्परग्याला मात्र सकाळी सातच्या आत, म्हशी पाण्यात उतरायच्या आधी. आणि तलाव भरलेला असेल तर तिथे वेळ न घालवता होटगीकडचे खड्डे बघा. दुर्बीण नसली तरी चालते, तुतवारी दहा पावलांवर येऊ देतात. परतताना मारडीच्या फाट्याशी एक टपरी आहे, चहा जरा गोडच असतो. भजी चांगली, पण ती आठच्या आत तळत नाहीत आणि मंगळवारी तर टपरीच बंद असते.